निमआराम

विमानात शिरल्यावर बाबा लगेच सीटवर बसले नाहीत. आधी त्यांनी बसायच्या जागेवर उजव्या हाताचा अंगठा रोवला, चांगला जोर देऊन दाबला, सोडला, आणि पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत उभे राहिले. मग कडेच्या शिलाईवरून नख फिरवलं. मागे माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, "बाबा, आत व्हा ना, वाट अडलीये." "हो हो," म्हणाले, आणि बसता बसता मला सांगितलं, "फोम जिवंत आहे अजून."

बाबांनी ३३ वर्षं एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काढली, त्यातली बहुतेक सीटांच्या कामात. नवी बॉडी बांधून झाली की तिच्यात सीटा बसवायच्या, आणि जुन्या गाड्यांच्या उसवलेल्या, ब्लेडने कापलेल्या सीटा दुरुस्त करायच्या. काथ्या, फोम, रेक्झिन, दाभण, सुतळी हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. त्यांच्या तर्जनीच्या पेरावर दाभणाने पडलेला घट्टा आहे, निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. आई गेल्यावर भाऊ न्यू जर्सीहून सारखा बोलवत होता. बाबांचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही, इतके तास पाय लोंबकळत ठेवून बसणं त्यांना झेपलं नसतं. कामाच्या विमानप्रवासांतून मी साठवलेले सगळे माइल्स मोडले आणि दोघांची बिझनेस क्लासची तिकिटं काढली. त्यांना आराम मिळावा हे तर होतंच. पण ज्या सीटांवर मी इतकी वर्षं झोपत आले, त्यांना बाबांचा अंगठा काय म्हणतो, हेही मला मनापासून जाणून घ्यायचं होतं.

मी औषधाच्या गोळ्या पॅक करणारी यंत्रं परदेशात उभी करून द्यायला जाते. प्रवास आठ तासांच्या वरचा असेल तर आमची कंपनी बिझनेस क्लास देते, कारण उतरल्या उतरल्या कारखान्यात जाऊन यंत्रात हात घालायचा असतो. पहिल्या दौऱ्यापासून मी एक वही ठेवलीये. विमान कोणतं, सीट कितवी, झोप किती लागली, पायाला जागा होती का, जेवण कसं, कोणी कसं बोललं. हिशेबाच्या वहीसारखी, दोन-दोन ओळींत. ही वही वाचत गेलं की एक गोष्ट दिसते: बिझनेस क्लासमध्ये बाकी सगळं बदलत गेलं, तरी विकायची वस्तू एकच राहिली. आडवं होणं.

एसटीत एक सुंदर शब्द आहे, निमआराम. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर आपल्याकडे ज्या 'आशियाड' गाड्या आल्या, त्या निमआराम. साध्या गाडीपेक्षा सीट मऊ, पाठ थोडी कललेली, पाय थोडे सैल. पूर्ण आराम नव्हे, अर्धा. हा शब्द छापणाऱ्याने किती प्रामाणिकपणे छापला असेल असं मला नेहमी वाटतं. कारण विमान कंपन्यांनी कित्येक वर्षं निमआराम विकला आणि त्याला पलंग म्हटलं. सीट सरळ व्हायची, पण जमिनीला समांतर व्हायची नाही. डोकं वर, पाय खाली, अशी घसरगुंडी. रात्रभर माणूस इंचाइंचाने खाली सरकायचा आणि पहाटे गुडघे मुडपून तळाशी गोळा झालेला असायचा. माझ्या वहीच्या पहिल्या पानांवर हा शब्द पुनःपुन्हा आहे: "घसरले."

खरोखर सपाट पलंग बिझनेस क्लासमध्ये आणला ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. एका ओळीत आठ माणसं, २-४-२, आणि तरीही सगळे आडवे. हे बसवलं कसं, तर एक सीट पुढे तोंड करून, शेजारची मागे तोंड करून. खांद्याकडे माणूस रुंद, पायाकडे निमुळता. एकाच्या खांद्याशेजारी दुसऱ्याचे पाय आले की जागा वाचते. उड्डाणाच्या वेळी अनोळखी माणसाच्या तोंडाकडे तोंड करून बसायचं आणि मधला पडदा वर येण्याची वाट बघायची. खिडकीपाशी झोपलेल्याने रात्री उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडून. पण पाठ सपाट टेकायची, आणि त्यापुढे बाकी काहीही चालत होतं.

पुढची वीस वर्षं म्हणजे याच कोड्याची वेगवेगळी उत्तरं. व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये सीटा तिरक्या लावल्या, डोकं खिडकीकडे, पाय वाटेकडे. प्रत्येकाला थेट वाट मिळाली, पण खिडकीबाहेर बघायचं तर मान मुरडावी लागे. सिंगापूर एअरलाइन्सने २००६ मध्ये १-२-१ ची इतकी ऐसपैस सीट आणली की दोन लहान मुलं शेजारी शेजारी मावतील; झोपायच्या वेळी मात्र तिची पाठ पुढे पाडून उलटी करायची आणि पाय कोपऱ्यातल्या कोनाड्यात तिरके घालायचे. कॅथे पॅसिफिकने २०११ च्या सुमाराला तिरकी मांडणीच उलटवली, तोंड खिडकीकडे आलं. माझ्या मते कोड्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर तेच. मग २०१७ मध्ये कतार एअरवेजने क्यूस्वीट काढली. सरकतं दार, मधल्या दोन सीटांचा जोडपलंग, चार जणांना समोरासमोर बसून जेवता येईल अशी सोय. २०१९ मध्ये जपानच्या एएनएने 'द रूम' आणली, तिच्यात मांडी घालून बसता येतं. मांडी घालून बसता येणं ही मराठी माणसासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे मी वेगळं सांगायला नको. एमिरेट्सच्या ए ३८० च्या वरच्या मजल्यावर मागे उभं राहून गप्पा मारायला बार आहे, आणि त्याच कंपनीच्या ७७७ मध्ये वर्षानुवर्षं २-३-२ अशी मांडणी, म्हणजे मध्ये एक माणूस अडकलेला. तिकिटावर नाव तेच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, कंपनी बघायच्या आधी विमान कोणतं ते बघा. आपल्या एअर इंडियाचंच घ्या. ७८७-८ च्या जुन्या मांडणीत १८ सीटा, २-२-२. २०२४ च्या जानेवारीपासून उडणाऱ्या ए ३५० मध्ये २८ सीटा, १-२-१, प्रत्येकीला दार.

हे सगळं मी बाबांना पहिल्या टप्प्याच्या विमानात कागदी रुमालावर चित्रं काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, रुमाल उलटसुलट केला आणि विचारलं, "पण सीट करतं कोण?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता, आणि खरं उत्तर त्यातच आहे. विमान कंपन्या सीटा करत नाहीत. जगात हे काम करणारे मोजकेच आहेत: कॉलिन्स, साफ्रां, रेकारो, थॉम्पसन, जामको आणि आणखी थोडे. एकाच सांगाड्यावर एक कंपनी तपकिरी कापड चढवते, दुसरी जांभळं, आणि आपण दोन वेगळ्या सीटा म्हणून तुलना करत बसतो. उत्तर आयर्लंडमध्ये किलकील नावाचं मासेमारीचं एक छोटं गाव आहे, तिथे विमानांच्या सीटांचा मोठा कारखाना आहे. रेकारोचा जर्मनीत श्वेबिश हॉल या जुन्या गावात. हे ऐकताना बाबांचा चेहरा बदलत गेला. गावातली माणसं सकाळी डबा घेऊन सीटा शिवायला जातात, हे चित्र त्यांच्या ओळखीचं होतं.

मग चाचण्यांचं सांगितलं. सीटेला १६ जीचा झटका सोसावा लागतो, म्हणजे तिच्यात बसलेल्या माणसाच्या वजनाच्या सोळापट ताण. त्या झटक्यात सांगाडा रुळापासून सुटता कामा नये. गादीवर रॉकेलच्या बर्नरची ज्योत धरतात आणि किती जळतं ते मोजतात, म्हणून वरच्या कापडाखाली आग अडवणारा एक थर असतो. तिरक्या सीटांच्या पट्ट्यात फुगणारी पिशवी असते, कारण झटका बसला तर माणूस सरळ पुढे न जाता तिरका फेकला जातो. बाबांनी पट्ट्याचा तो जाड भाग चाचपून बघितला. "आमच्याकडे एवढंच बघायचे," ते म्हणाले, "की खड्ड्यात गाडी आदळली तर बोल्ट निघतो का." थोडं थांबून म्हणाले, "पण तेही मी नीट बघायचो."

मधे विमान बदललं. दुसरा टप्पा लांबचा, आणि सीटा एकीपुढे एक जराशा सरकवून लावलेल्या, जशा आता बऱ्याच ठिकाणी असतात. या मांडणीत पाय जातात ते पुढच्या माणसाच्या बाजूच्या टेबलाखाली, एका भोकात. जाहिरातीत ते भोक कधीच दिसत नाही. सीटची रुंदी सांगतात, पडद्याचे इंच सांगतात, पायाच्या पेटीची मापं कोणी सांगत नाही. आणि झोप तिथेच ठरते. पेटी अरुंद असली की दोन्ही पाय जोडून उताणं पडावं लागतं, कुशीवर वळलं की गुडघा वर टेबलाला लागतो. त्यावर माझा एक उपाय आहे, तो देऊन टाकते: पहिल्या ओळीतली सीट घ्या. तिच्यापुढे कोणी नसल्यामुळे तिथली पेटी बहुधा प्रशस्त असते. स्वयंपाकघराचा उजेड आणि भांड्यांचा आवाज थोडा सोसावा लागतो, कधी शेजारी तान्ह्या बाळाचा पाळणा येतो. पण गुडघा आखडलेल्या माणसाला दुसरा पर्यायच नाही. मी बाबांसाठी पहिली ओळ घेतली होती, स्वतःसाठी तिच्या मागची.

त्यांनी पाय आत घातले, उजवा गुडघा अर्धा मुडपून डावीकडे वळले, मग उजवीकडे. मग उठून माझ्या सीटपाशी आले, वाकले आणि माझ्या पेटीत हात घालून चार बोटांनी रुंदी मापली. "तुझी लहान आहे," म्हणाले. मी म्हटलं, मला चालते. त्यांना ते पटलं नाही. सीट बदलायची का म्हणून त्यांनी मला दोनदा विचारलं.

जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. सिंगापूर एअरलाइन्समध्ये आधीच यादीतून पदार्थ ठरवून कळवता येतो. तुर्की विमानात पांढऱ्या टोपीचा शेफ येऊन वाढतो. कतारमध्ये तुम्हाला हवं तेव्हा जेवा, गाडा येण्याची वाट बघायची नाही. रात्री दोनला उडणाऱ्या विमानात मला हे फार मोलाचं वाटतं. पण अन्न कुठलंही असलं तरी ते जमिनीवर शिजलेलं, थंड केलेलं आणि वर पुन्हा गरम केलेलं असतं. शिवाय त्या उंचीवर जीभ अर्धी झोपलेली असते. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ आणि वाळवंटासारखी कोरडी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी याचा अभ्यास केला, तेव्हा मीठ आणि साखर दोन्ही वर कमी लागतात हे दिसलं. म्हणून आमटी, रस्सा, टोमॅटोची ग्रेव्ही तिथे निभावून जाते आणि नाजूक पदार्थ पुठ्ठ्यासारखे लागतात. आपल्या माणसांनी तिकीट काढताना एवढं लक्षात ठेवावं की 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात गोमांस नसतं, पण कोंबडी, मटण, मासे असू शकतात. मसाल्याचं शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन', कांदा-लसूण नको तर 'जैन', आणि उपास असेल तर फळांची थाळी मागता येते. हे सगळं आधी कळवायचं, वर गेल्यावर नाही. पहिल्यांदा मुलांकडे निघालेल्या किती आई-बाबांना मी झाकण उघडून नुसते भात आणि पाव वेगळे काढून खाताना बघितलंय. फार वाईट वाटतं.

सेवेबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. चांगली सेवा म्हणजे सतत येऊन विचारणं, असा एक समज आहे. माझ्या वहीत ज्या प्रवासांपुढे मी ठळक खूण केलीये, त्यात कोणी जास्त विचारलेलं नाही. झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर ते सारखं केलंय. उठल्याबरोबर, न मागता, पाणी आणून ठेवलंय. आणि एक गोष्ट फार क्वचित जमते, ती म्हणजे नजरेच्या पातळीवर येऊन बोलणं. उभ्या माणसाने बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी इंग्रजीत बोललं की म्हातारा माणूस नुसता मान हलवतो. काय विचारलं ते कळलेलं नसतं, पण पुन्हा विचारायचा संकोच असतो.

दुसऱ्या विमानात बाबांच्या बाजूला वाढायला साधारण पंचविशीची एक हवाई सुंदरी होती, मुलगीच. ती पहिल्यांदा आली तेव्हाच त्यांच्या सीटेपाशी उकिडवी बसली, मेनूकार्ड त्यांच्या बाजूने धरलं आणि बोट ठेवून एक-एक पदार्थ दाखवला. बाबा अस्वस्थ झाले. "ऊठ बाळा, गुडघे दुखतील तुझे," ते मराठीत म्हणाले. तिला शब्द कळले नाहीत, पण ती हसली आणि बसूनच राहिली. बाबांनी सावकाश वाचलं आणि पनीरवर बोट ठेवलं.

रात्री घोळ झाला. उड्डाणाला पाचेक तास झाले होते. बाबांनी सीट आडवी करायचं बटण दाबलं, ती निम्मी आडवी झाली आणि थांबली. ना पुढे, ना मागे. आत मोटार घरघरत होती. मला जाग आली तेव्हा ते अंधारात तसेच तिरके पडून होते, आणि मला उठवायचं नाही म्हणून किती वेळ ते तसे राहिले होते कोण जाणे. इतक्या वर्षांची पुंजी मोडून आणलं आणि बाबांच्याच वाट्याला ही सीट यावी, याने माझ्या घशाशी आलं. मी त्या मुलीला हाक मारली.

तिने आधी सीटेची वीज बंद करून पुन्हा चालू केली. उपयोग झाला नाही. मग गुडघे टेकून बसली आणि सीटेच्या कडेला खाली हात घातला. तिथे मोटार सोडवायची एक तार असते, उतरताना सीट सरळ झालीच पाहिजे म्हणून ठेवलेली. ती तार ओढायची आणि त्याच वेळी पाठ ढकलायची, एकट्याने जमत नाही. बाबा केव्हाच उठून उभे राहिले होते. तिने तार ओढली आणि काही सांगायच्या आत बाबांनी दोन्ही तळवे सीटेच्या पाठीवर योग्य जागी ठेवून, झटका न देता, अंगाचा भार देत ती खाली नेली. कट्ट असा आवाज आला. सीट सपाट. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती इंग्रजीत म्हणाली, तुम्हाला हे येतं? मी सांगितलं, यांनी आयुष्यभर बसच्या सीटा केल्यात. तिने दोन्ही हात जोडले.

मग तिने जास्तीची एक गादी आणून अंथरली, सांध्यापाशी, जिथे फट राहिली होती तिथे, उशी दुमडून खोचली. बाबांनी बघून मान डोलावली. फट बरोबर भरली होती.

थोड्या वेळाने ती दिसेनाशी झाली आणि दुसरा मुलगा आला. बाबांनी विचारलं, "ती कुठे गेली?" मी सांगितलं, आता तिची झोपायची पाळी. लांबच्या विमानांत छताच्या वर कर्मचाऱ्यांसाठी छोटे पलंग असतात, दाराआड अरुंद जिना असतो, ते आळीपाळीने तिथे जाऊन पडतात. बाबा छताकडे बघत राहिले. मग मुक्कामी गाड्यांचं बोलायला लागले. रात्रीची शेवटची गाडी गावात मुक्कामाला राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे, मागच्या लांब सीटेवर. त्या सीटेत दोन तुकडे असले तर मधला जोड कमरेत टोचायचा. एका कंडक्टरने कार्यशाळेत येऊन तसं सांगितलं होतं. तेव्हापासून बाबांच्या हातून मागची सीट गेली की तिची गादी ते सलग करायचे, कापड थोडं जास्त लागलं तरी. "कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली, तीही डोंगराएवढ्या उंचीवरच्या हवेत, दिवे मालवलेल्या केबिनमध्ये, हलक्या आवाजात. मग ते कुशीवर वळले, उजवा गुडघा मुडपला आणि झोपले. मी घड्याळ बघितलं होतं. सहा तास दहा मिनिटं.

उतरायच्या आधी सीट सरळ करायला ती परत आली, पुन्हा दोघांनी मिळून केली. विमान थांबल्यावर माणसं वरून बॅगा काढायला उठली. बाबा खाली वाकले होते. सीटेचं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं. विमानात कापड शिवून पक्कं केलेलं नसतं, धुवायला पटकन काढता यावं म्हणून वेल्क्रोच्या पट्टीने लावलेलं असतं. त्यांनी कोपरा ताणून घेतला, पट्टीवर पट्टी बसवली, अंगठ्याने कडेकडेने दाबत नेली आणि वरून तळवा फिरवला.

भावाच्या घरी पोचल्यावर मी त्यांना माझी वही दिली आणि म्हटलं, या वेळचं तुम्ही लिहा. चष्मा लावून त्यांनी आधीची पानं चाळली, बराच वेळ. मग कार्यशाळेच्या रजिस्टरात लिहायचे त्या अक्षरात, सीटेचा नंबर घालून लिहिलं:

"फोम चांगला. शिलाई दुहेरी, सरळ. पायास जागा पुरेशी. मागील ओळीत कमी, वाढवावी. मोटार बदलणे. मुलगी हुशार आहे."